रंगाखालचा सांगाडा
मोटारीच्या चौकटीचा इतिहास आणि लपलेल्या इजेचे विज्ञान

अमेरिकेत १९६०-७० च्या दशकांत बनलेल्या काही मोटारींना तेथील लोक ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराची, दोन दारांची, साधी गाडी आणि तिच्यात बसवलेले दांडगे आठ सिलिंडरचे इंजिन, असे हे वाहन. आज या गाड्यांना पन्नास-साठ वर्षे झाली. हौशी मंडळी त्या जुन्या गोठ्यांतून, भंगारातून शोधून काढतात आणि पुन्हा मूळ रूपात आणतात. चकचकीत रंग, नवे सीट, घासूनपुसून लखलखणारे बंपर. परंतु या छंदातील जाणकार मंडळी रंगाकडे आधी पाहतच नाहीत. ती जमिनीवर पाठ टेकून गाडीच्या खाली शिरतात. कारण या गाड्यांचे खरे दुखणे बहुधा सांगाड्यात असते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

इंजिन बिघडले तर आवाज करते, ब्रेक बिघडला तर पायाला कळतो. मग चौकटीची इजा वर्षानुवर्षे लपून कशी राहते? याचे उत्तर अर्धे इतिहासात आहे आणि अर्धे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रात. क्रमाने पाहू.

घोडागाडीपासून शिडीपर्यंत

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्याच होत्या. त्यांची चौकट लाकडी असे. फार तर तिला लोखंडी पट्ट्यांचा आधार दिलेला असे. लाकूड धक्के सोसते, पण इंजिनाची सततची थरथर आणि वाढता वेग त्याला मानवेना. १९०१ साली डाइम्लर कंपनीने विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने रचलेली ३५ अश्वशक्तीची ‘मर्सिडीज’ बाजारात आणली. तिची चौकट दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याची होती. पुढे हीच पद्धत रूढ झाली. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच. यालाच आपण चासी म्हणतो. इंजिन, चाके, स्प्रिंगा सगळे या शिडीला बांधायचे आणि वर वेगळी बनवलेली बॉडी बोल्टांनी बसवायची. फोर्डची ‘मॉडेल टी’ (१९०८ ते १९२७) याच पद्धतीची, आणि आपल्याकडचे ट्रक आजही याच पद्धतीचे आहेत.

या रचनेत कामाची वाटणी स्पष्ट आहे. भार चासी वाहते, ऊन-पाऊस बॉडी अडवते. पत्रा चेपला तरी गाडीचा कणा शाबूत राहतो. सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या तुळईला गंजून निकामी व्हायला वेळही लागतो.

कातडीच झाली हाड

मग कोणाला तरी प्रश्न पडणारच की, बॉडीचा एवढा पत्रा नुसता शोभेला का वागवायचा? अंड्याच्या कवचाला आत वेगळा सांगाडा लागत नाही. १९२२ मध्ये इटलीच्या लान्चिया कंपनीने ‘लाम्ब्डा’ ही गाडी लोकांपुढे ठेवली. तिला वेगळी चासी नव्हती. बॉडीच भार वाहत होती. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांच्या कारखान्याने पूर्ण पोलादी बॉडी दाबून व वेल्ड करून बनवण्याचे तंत्र विकसित केले होते. त्याचा उपयोग करून फ्रान्सच्या सित्रोएनने १९३४ मध्ये ‘त्राक्सिओं आव्हां’ बाजारात आणली. अमेरिकेत मोठ्या संख्येने बनलेली अशी पहिली गाडी म्हणजे १९४१ ची ‘नॅश ६००’. हलकेपणामुळे ती इंधन कमी पीत असे. २० गॅलनच्या एका टाकीत ६०० मैल, असा दावा तिच्या नावातच होता. १९६० मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या बहुतेक गाड्या या पद्धतीवर आणल्या.

या रचनेला ‘युनिबॉडी’ म्हणतात, म्हणजे एकसंध अंग. यात दाराखालचा उंबरा, पायाखालचा पत्रा, छताचे खांब, पुढच्या काचेखालची पोकळ पेटी या सगळ्यांनी मिळून भार वाहायचा असतो. प्रत्येक पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. एकटा घेतला तर हाताने वाकेल, पण दुमडून, जोडून, बंद पेट्या केल्या की जबरदस्त ताठ. फायदा मोठा, पण अट एक आहे. आता कातडी आणि हाड एकच आहे. त्वचारोग झाला तर तो हाडाचाही रोग ठरतो.

स्नायूंचा जमाना

ऑक्टोबर १९६३ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या पाँटिअॅक विभागाने १९६४ सालाच्या मॉडेलसाठी एक युक्ती केली. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये असा कंपनीचा नियम होता. जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता ‘हवे असल्यास घ्या’ अशा यादीत टाकले. ही ‘जीटीओ’. तिची जाहीर शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. तुलनेसाठी, आपल्या जुन्या अॅम्बॅसडरच्या दीड लिटर इंजिनाची शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती होती. पहिल्याच वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या आणि सगळ्या कंपन्यांत चढाओढ सुरू झाली.

या गाड्यांच्या चौकटी एकसारख्या नव्हत्या, हे लक्षात ठेवायला हवे. जीटीओ आणि तिची बहीण शेव्हरले ‘शेव्हेल’ यांना वेगळी चासी होती. एप्रिल १९६४ मध्ये आलेली फोर्डची ‘मस्टँग’ आणि १९६८ ची डॉज ‘चार्जर’ या युनिबॉडी. सप्टेंबर १९६६ मध्ये आलेली शेव्हरले ‘कॅमारो’ संकरित. मागचे अंग एकसंध आणि पुढे इंजिनासाठी बोल्टांनी जोडलेली अर्धी चासी. त्यामुळे इजा कोठे शोधायची, हे गाडीगणिक बदलते.

हा जमाना फार टिकला नाही. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आणि ऑक्टोबर १९७३ मधील तेलाची नाकेबंदी यांनी तो संपवला. गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या, तरुण पोरांच्या हाती पडल्या, शर्यतीत दामटल्या गेल्या, ठोकल्या गेल्या, घाईघाईने दुरुस्त झाल्या. पुढे किमती चढल्या तेव्हा हा सगळा पूर्वेतिहास रंगाखाली झाकला गेलेला होता.

गंज आत का वाढतो?

पहिला शत्रू गंज. अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये त्याचा प्रयोग सुरू केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. खारे पाणी व चिखल चाकांनी उडून चौकटीच्या पोकळ्यांत शिरतो. पाणी निघून जावे म्हणून ठेवलेली भोके चिखलाने बुजतात. शेव्हेलसारख्या गाडीत मागच्या चाकाजवळ जेथे चासी वर वळते, तेथे हा चिखल साठतो. मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालच्या पेटीत पाने-माती साचून ती सडते आणि पाणी थेट पायाखालच्या पत्र्यावर उतरते.

पण पोकळीत तर हवा कमी. मग गंज तेथे जास्त कसा? हा प्रश्न केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एका सुंदर प्रयोगाने सोडवला. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात थोडे फिनॉल्फथॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळलेले असते. काही मिनिटांत थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्यभाग निळा. कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोचतो. तेथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो व पाणी अल्कधर्मी बनते, म्हणून गुलाबी. मध्यभागी ऑक्सिजन कमी. तेथे लोखंड इलेक्ट्रॉन देऊन विरघळते, म्हणून निळा. म्हणजे धातू झिजतो तो जेथे ऑक्सिजन कमी असतो तेथे! दोन पत्र्यांमधली फट, चिखलाखालचा कोपरा, पुट्टीखाली दबलेले पाणी या जागा म्हणजे थेंबाचा मध्यभाग. उघड्यावरचा पत्रा वरवर तांबूस होतो आणि झाकलेला आतून नाहीसा होतो. त्यातच गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला की तो पाचर ठोकल्यासारखा सांधा फुगवून उसवतो.

बुटांच्या खोक्याचा प्रयोग

थोडा गंज लागला तर एवढे काय बिघडते? येथे वर्गात करण्यासारखा एक प्रयोग आहे. बुटांचे पुठ्ठ्याचे खोके घ्या. झाकण न लावता दोन टोके धरून पीळ द्या. ते सहज पिळते. आता झाकण लावून सर्व कडा चिकटपट्टीने बंद करा आणि पुन्हा पीळ द्या. पुठ्ठा तोच, पण खोके जवळजवळ हलत नाही. मग एकाच कडेची चिकटपट्टी ब्लेडने पूर्ण लांबीभर कापा. खोके पुन्हा लेचेपेचे होते.

बंद पेटीत पिळाचा ताण भिंतींमधून गोल फिरून स्वतःला पूर्ण करतो. एक कड उघडली की ही साखळी तुटते. पातळ भिंतींच्या बंद नळीचे सूत्र जर्मन अभियंते रुडोल्फ ब्रेट यांनी १८९६ मध्ये मांडले. त्यानुसार १०० मिमी उंच, ५० मिमी रुंद आणि ३ मिमी जाडीची पोलादी पेटी घेतली आणि तिला लांबीभर एक चीर पाडली, तर पीळ सोसण्याचा तिचा ताठपणा सुमारे ३३० पटींनी घटतो. वजन मात्र जवळपास तेवढेच राहते!

आता लपलेल्या इजेचा खरा धोका कळतो. दाराखालच्या उंबऱ्याचा तळचा सांधा गंजून उसवला, तर पत्रा ९५ टक्के शिल्लक दिसेल, पण पीळ सोसण्याची ताकद जवळपास संपलेली असेल. मसल कारमध्ये पीळच तर जास्त असतो. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ज्या दिशेने दांडा फिरवते, त्याच्या उलट दिशेने गाडीचे अंग पिळले जाते. शर्यतीत सुटताना अशा गाड्यांचे पुढचे डावे चाक जास्त उचललेले दिसते ते यामुळेच. छत नसलेल्या गाड्यांत तर वरची बाजू उघडीच असते. म्हणून शेव्हेलच्या उघड्या गाड्यांना कारखान्यातूनच चारी बाजूंनी बंद केलेल्या तुळया देत, तर छताच्या बहुतेक गाड्यांना एका बाजूने उघड्या.

दुसरा शत्रू अपघात, आणि तिसरा थकवा. पोलादी तुळई वाकली की वाकलेल्या जागी ती अधिक कडक पण ठिसूळ बनते. कागदाची टाचणी एकदा वाकवून सरळ करून पाहा. ती जुन्या जागी नीट सरळ होत नाही, शेजारीच नवा बाक येतो, आणि चार-सहा वेळा केले की तुटते. छोट्या ताणाच्या लाखो आवर्तनांनीही धातूला तडा जातो. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणारी आगगाडी इंजिनाचा आस मोडून घसरली व पेटली. त्यानंतर रँकिन आणि पुढे जर्मनीचे आउगुस्ट व्होलर यांनी या ‘धातूच्या थकव्या’चा पाया घातला. मस्टँगच्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे बुरूज अवजड इंजिनामुळे अनेकदा असेच तडकलेले सापडतात.

ओळंबा, कर्ण आणि खडू

लपलेली इजा शोधायची कशी? यातली निम्मी साधने आपल्या गवंड्याकडेही असतात.

गाडी समतल जमिनीवर भक्कम आधारांवर ठेवायची, चासीच्या ठरावीक भोकांतून ओळंबे सोडायचे आणि खाली खडूने खुणा करायच्या. गाडी बाजूला केली की जमिनीवर तिचा नकाशा उरतो. आता कर्ण मोजायचे. गवंडी पायाची आखणी तपासतो तसेच. आयताचे दोन्ही कर्ण समान हवेत. समजा, चौकट ३ मीटर लांब व १ मीटर रुंद आहे आणि टक्कर बसून एक तुळई दुसरीच्या मानाने २ सेंटिमीटर पुढे सरकली आहे. डोळ्यांना हा फरक जाणवणारही नाही. पण पायथॅगोरसच्या सिद्धान्ताने कर्ण काढा: एक सुमारे ३.१८ मीटर, दुसरा ३.१४ मीटर. जवळजवळ ४ सेंटिमीटरचा फरक! कर्ण चूक दुप्पट करून दाखवतो.

मात्र कर्ण समान आले म्हणजे चौकट निर्दोष, असे नाही. चौकटीला पीळ बसला असेल तर वरून पाहता आयत आयतच राहतो. एक कोपरा मात्र उचललेला असतो, लंगड्या स्टुलासारखा. त्यासाठी उंची मोजावी लागते. पाण्याची पारदर्शक नळी लावून चारही कोपऱ्यांची पातळी पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

पुट्टी शोधायला चुंबक. साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पॉलिएस्टरची पुट्टी गॅरेजमध्ये आली आणि खड्डेच काय, भोकेही तिने बुजवली जाऊ लागली. चुंबक पत्र्याला धरतो, पुट्टीवरून घसरतो. पोकळ तुळईवर हातोडीने हलके ठोकले की धड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मडके विकत घेताना आपण हेच करतो.

तडे शोधण्याची गोष्ट रेल्वेच्या कारखान्यांतून आली. तेथे आस तेलात भिजवत, पुसून कोरडा करत आणि वर खडूच्या भुकटीचा लेप देत. तड्यात मुरलेले तेल बाहेर झिरपून पांढऱ्या लेपावर काळी रेघ उमटवी. आजची रंगद्रव्याची चाचणी हिचीच सुधारित आवृत्ती. १९२० च्या दशकात अमेरिकेत विल्यम होक यांना असे आढळले की, चुंबकाने धरलेल्या पोलादी तुकड्यांवर लोहकण तड्यांच्या रेषेत गोळा होतात. यातून चुंबकीय कणांची चाचणी जन्मली. चुंबकपट्टीवर कागद ठेवून लोहकीस टाकण्याचा शाळेतला प्रयोग येथे जीव वाचवण्याच्या कामी येतो.

दुरुस्ती की पुसापुशी?

इजा सापडल्यावर घाई नडते. युनिबॉडी गाडीचा सडलेला उंबरा कापण्याआधी तिला योग्य जागी टेकू द्यावे लागतात आणि दारांच्या चौकटीत तिरके दांडे वेल्ड करावे लागतात. नाहीतर उंबरा कापताच गाडी मधोमध झुकते, आणि नवा पत्रा त्या झुकावासकट पक्का बसतो. मग दारे कधीच नीट लागत नाहीत. वाकलेली तुळई ओढताना ती थोडी पलीकडे न्यावी लागते, कारण सोडल्यावर पोलाद काही अंशी परत फिरते. चुरगळलेला भाग मात्र ओढून चालत नाही. तो कापून बदलावा लागतो. वेल्डिंगही धड पत्र्यापर्यंत मागे जाऊनच करायचे. कुजलेल्या कडेला शिवलेले ठिगळ टिकत नाही, हे गोधडी शिवणारी आजीही सांगेल.

पण सगळेच बदलत गेलो तर? ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाबद्दल विचारलेला प्रश्न येथे उभा राहतो. एकेक फळी बदलत सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? याबाबत दोन मस्टँग गाड्यांची हकीकत बोलकी आहे. १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटातील प्रसिद्ध पाठलागात दोन हिरव्या मस्टँग वापरल्या होत्या. त्यांतील उड्या मारण्यासाठी वापरलेली, हरवलेली गाडी २०१७ च्या सुरुवातीला मेक्सिकोत भंगाररूपात सापडल्याचे जाहीर झाले. तिला दुसऱ्याच एका चित्रपटातील गाडीचे रूप द्यायचे ठरले होते. तिची ओळख पटली ती अंगावरच्या क्रमांकामुळे. आणि उड्या सोसाव्यात म्हणून स्प्रिंगच्या बुरुजांना दिलेली जादा बळकटी त्याला दुजोरा देणारी ठरली. दुसरी गाडी जानेवारी २०१८ मध्ये लोकांपुढे आली आणि जानेवारी २०२० मध्ये ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. तीही नवा रंग न देता, ओरखड्यांसकट. गंजलेला सांगाडा पत्रासारखा वाचता आला म्हणून पहिली गाडी वाचली. कोणी आधीच पुट्टी भरून रंग दिला असता, तर तो पुरावा कायमचा गेला असता.

म्हणून चांगले कारागीर कापण्याआधी मापे टिपतात, छायाचित्रे काढतात, काय जुने ठेवले आणि काय नवे घातले याची नोंद गाडीसोबत ठेवतात. ही नोंद म्हणजे पुढच्या मालकाशी केलेला प्रामाणिकपणा आहे. कारण लपवलेली इजा विकणारा केवळ पैशाला फसवत नाही, तर वेगाने जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा जीव धोक्यात घालतो.

हा विषय फक्त अमेरिकेचा नाही. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून जुळवलेली जीप शिडीच्या चासीची होती, तर कुर्ल्याच्या कारखान्यातील फिएट, म्हणजेच पुढची पद्मिनी, एकसंध अंगाची. ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत धावलेल्या पद्मिनी टॅक्सींना समुद्राची खारी, दमट हवा सोसावी लागली. तेथे रस्त्यावर मीठ टाकण्याची गरजच नव्हती. ते वाऱ्यातूनच येत होते. आणि ज्या रसायनाने पद्मिनीचा तळ खाल्ला, तेच आपल्या इमारतींच्या स्लॅबमधील सळ्याही खात असते. गिलाव्याखाली गंज फुगतो, पोपडे निघतात, आपण वरून सिमेंट थापतो आणि रंग देतो.

शाळेच्या छताचा एखादा पोपडा दाखवून मुलांना विचारावे: हा फक्त रंग गेला आहे, की आतली सळी फुगली आहे? कसे ओळखाल? चुंबक, हातोडी, ओळंबा आणि दोरी एवढे सामान पुरेसे आहे. उत्तरे शोधताना इव्हान्सचा थेंब, ब्रेटची पेटी आणि पायथॅगोरसचा कर्ण ही तिन्ही मुलांच्या हाती आपोआप येतील.